वाट पाण्याची, चाल पापणीची

नाशकातल्या कुठल्याही मिसळीच्या दुकानात सकाळी भटारखान्याकडे नजर टाका. मिसळीबरोबर द्यायचा कांदा बारीक चिरणारा माणूस पहिल्या दोन-चार कांद्यांना डोळे मिचकावतो, मग मनगटाने डोळे टिपतो आणि थोड्या वेळाने नाक ओढायला लागतो. त्याला सर्दी झालेली नसते. कांदा चिरला की त्याच्या पेशी फुटतात, आतली विकरं मोकळी होतात आणि गंधकाचा एक झोंबरा वायू तयार होतो. त्यासाठी कांद्यात एक खास विकर असतं, हे जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिलं. वायू बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला झोंबतो आणि डोळा पाणी सोडतो. इथवरची गोष्ट लासलगावच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. नाक का वाहतं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. नाकातून येणारं ते पाणी बरंचसं डोळ्यातलंच असतं. एका आतल्या वाटेने ते नाकात उतरलेलं असतं. नाक वाहतंय म्हणजे ती वाट मोकळी आहे.

वाट लहानशीच आहे. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यापासून नाकाच्या आतपर्यंत सगळी मिळून चारेक सेंटिमीटर. तिच्यातून जाणारं पाणीही थोडं. डोळा शांत असताना मिनिटाला साधारण एक मायक्रोलिटर अश्रू तयार होतात, म्हणजे दिवसभरात फार तर पाव चमचा. त्यातला काही भाग हवेत उडतो, उरलेला या वाटेने नाकात जातो. गालावर थेंबही येत नाही. काम इतकं बिनबोभाट चालतं, की ते बिघडेपर्यंत कुणाला त्याची खबरही नसते. शरीरशास्त्राच्या पुस्तकात त्याची आकृती असते: दोन बारीक नळ्या, एक पिशवी, खाली एक जाडसर नळी. आकृती बरोबर आहे, पण तिच्यात चाल दिसत नाही, आणि या रचनेचा सगळा कस चालीत आहे. एकेक टप्पा घेऊन पाहू.

आधी मांडणी. अश्रूंची मुख्य ग्रंथी डोळ्याच्या वर, कानाकडच्या अंगाला, कपाळाच्या हाडातल्या खळग्यात बसलेली असते. पाणी बाहेर पडायची दारं मात्र दुसऱ्या टोकाला, नाकाच्या बाजूला. पाण्याला दारापर्यंत पोहोचायचं तर अख्खा डोळा ओलांडून जावं लागतं, आणि त्या प्रवासातच त्याचं काम होऊन जातं. बुबुळावर त्याचा जेमतेम तीन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजारातल्या तीन भागांइतका थर पसरतो. त्या थरामुळे नजर स्वच्छ राहते, पडद्याला प्राणवायू मिळतो आणि जंतूंना मारणारं लायसोझाइम सगळीकडे पोहोचतं. ग्रंथी आणि दार शेजारी शेजारी असते, तर पाणी आलं तसं गेलं असतं आणि डोळा कोरडाच राहिला असता.

पापणीही एका झटक्यात सगळी मिटत नाही. बाहेरच्या कोपऱ्याकडून मिटायला सुरुवात होते आणि ती मिटत मिटत नाकाकडे येते. दर उघडझापीला पाणी थोडं थोडं आतल्या कोपऱ्याकडे लोटलं जातं. मिनिटाला पंधरा-वीस वेळा हे होतं आणि आपण त्यातली एकही वेळ मोजत नाही.

आता आरशासमोर या. खालची पापणी बोटाने किंचित बाहेर ओढा आणि नाकाकडच्या कोपऱ्यापासून पाचसहा मिलिमीटर अलीकडे पाहा. पापण्यांचे केस संपतात तिथे कडेवर एक फिकट उंचवटा दिसेल आणि त्याच्या माथ्यावर सुईने टोचल्यासारखं एक भोक. हे अश्रूंचं दार, डॉक्टरांच्या भाषेत पंक्टम. रुंदी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडी कमी. वरच्या पापणीवर असंच दुसरं. पापणी ओढल्याशिवाय ते दिसत नाही, कारण त्याचं तोंड आत, डोळ्याच्या गोलाकडे वळलेलं असतं. कोपऱ्यात साचलेल्या पाण्यात ते बुडून राहतं. भोवती चिवट ऊतीचं कडं असल्यामुळे पापणी कितीही हलली तरी ते मिटून जात नाही.

या आत वळलेल्या तोंडाचं मोल ते बाहेर वळल्यावर कळतं. म्हातारपणी खालची पापणी सैल पडते, लोंबते, आणि दार पाण्यातून उचललं जाऊन हवेत उघडं पडतं. पुढची सगळी वाट ठणठणीत असते, तरी पाणी गालावर ओघळतं. आजोबा धोतराच्या सोग्याने, आजी पदराने डोळा खाली ओढून पुसतात, त्याने पापणी आणखी सैल होते आणि पाणी आणखी वाढतं. पुसायचंच तर हलक्या हाताने, नाकाच्या दिशेने आणि वरच्या अंगाला पुसावं. दीड-दोन मिलिमीटरचा फरक पडतो, पण या रचनेत मोजमाप तेवढ्याचंच आहे.

दारातून आत गेलं की बारीक नलिका लागते. ती आधी दोन मिलिमीटर सरळ आत उतरते, मग जवळपास काटकोनात वळते आणि आठेक मिलिमीटर आडवी नाकाकडे जाते. वरची आणि खालची अशा दोन नलिका, बहुतेकांमध्ये पिशवीत शिरण्याआधी एकत्र येतात. आकृतीत हा भाग इतका किरकोळ दिसतो, की वाचणारा तो ओलांडून थेट पिशवीकडे जातो. या रचनेतली सगळ्यात देखणी जागा मात्र हीच. नलिकांभोवती पापणी मिटणाऱ्या स्नायूचे तंतू लपेटलेले असतात. फिलाडेल्फियाच्या विल्यम हॉर्नरने १८२४ मध्ये त्या स्नायूचं वर्णन केलं आणि त्याला आजही हॉर्नरचा स्नायू म्हणतात. नलिका वेगळी आणि स्नायू वेगळा, असं इथे नाही. पापणी हलली की नलिकाही हलते.

१९८१ मध्ये मार्शल डोन यांनी वेगवान कॅमेऱ्याने टिपलेल्या उघडझापीतून काय होतं ते मांडलं. पापण्या मिटू लागल्या की वरचं आणि खालचं दार आधी एकमेकांना टेकतात आणि बंद होतात. मग स्नायू आवळतो, नलिका दाबल्या जातात आणि आतलं पाणी पुढे सरकतं. पापण्या उघडू लागल्या की स्नायू सैलावतो आणि नलिका पुन्हा फुगू पाहतात, पण दारं अजून चिकटलेलीच असतात, त्यामुळे आत पोकळी तयार होते. पापण्या आणखी उघडल्या की दारं सुटतात आणि कोपऱ्यातलं पाणी खेचलं जातं. डोळ्यात औषध घालायच्या ड्रॉपरचा रबरी फुगा दाबून सोडला की औषध वर चढतं, तोच न्याय. त्याच्या आधी, १९५७ मध्ये, अमेरिकी शल्यविशारद लेस्टर जोन्स यांनी अश्रुपंपाची कल्पना मांडली होती. उघडझाप होताना पिशवी दाबली जाते की ताणली जाते, यावर जोन्स आणि डोन यांच्या मांडण्या जुळत नाहीत. पाणी उताराने आपसूक वाहत नसून पापणी ते ओढून घेते, याबद्दल मात्र दोघांचं एकमत आहे.

याचा पुरावा दवाखान्यात रोज मिळतो. चेहऱ्याच्या मज्जातंतूचा लकवा झालेल्या माणसाची पापणी नीट मिटत नाही. त्याच्या वाटेत पाणी सोडून पाहिलं तर ते सरळ घशात उतरतं, कुठे अडथळा नाही. तरी त्याचा डोळा वाहतच असतो. वाट मोकळी आहे, पण ओढून नेणारं कुणी नाही. या रचनेचा जीव पिशवीत किंवा खालच्या नळीत असता, तर असं झालं नसतं.

आत नलिका पिशवीला भिडते तिथे एक तिरपा कोन आणि श्लेष्मल त्वचेची घडी असते. त्यामुळे पुढे गेलेलं पाणी सहसा मागे फिरत नाही, आणि आपण जोरात नाक शिंकरलं तरी बहुतेकांच्या डोळ्यातून हवा येत नाही. पिशवी स्वतः सव्वा-दीड सेंटिमीटरची, नाकाच्या मुळाशी दोन हाडांनी मिळून केलेल्या खाचेत बसलेली. त्यातलं मागचं, अश्रूंच्याच नावाचं हाड चेहऱ्यातल्या हाडांमध्ये सगळ्यात लहान आणि नाजूक. काही जागी ते मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं पातळ, जवळजवळ पारदर्शक. हे हाड लक्षात ठेवावं, पुढे त्याचं काम पडणार आहे.

पिशवीच्या खाली हाडातल्या कालव्यातून मुख्य नळी उतरते. खाली, थोडी मागे आणि किंचित बाहेर अशी तिची दिशा. नाकाच्या आत सगळ्यात खालच्या पाळीसारख्या हाडाखाली ती उघडते. तोंडाशी त्वचेची एक घडी, हॅसनरची झडप. नळीच्या भिंतीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. सर्दी किंवा अ‍ॅलर्जीत ते रक्ताने फुगलं की पोकळी बंद होते. म्हणून कांदा चिरताना डोळ्यामुळे नाक वाहतं आणि सर्दी झाली की नाकामुळे डोळा. डोळ्यात थेंब टाकल्यावर घशाशी कडू चव येते तीही याच वाटेने. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन-तीन मिनिटं दाबून धरावा. औषध डोळ्यात टिकतं आणि विनाकारण रक्तात जात नाही. काचबिंदूच्या काही थेंबांच्या बाबतीत तर हे आवर्जून करावं, कारण नाकातून ते रक्तात गेले तर हृदयाचे ठोके आणि श्वास यांवर परिणाम होऊ शकतो.

या खालच्या टोकाशीच रचनेतली पहिली उणीव आहे. गर्भात ही वाट आधी पेशींचा भरीव दोरा असते, मग ती पोकळ होत जाते, आणि खालचं तोंड सगळ्यात शेवटी उघडतं. पुष्कळ बाळांमध्ये ते जन्मानंतर काही दिवसांनी किंवा महिन्यांनी उघडतं. तोवर बाळाचा एक डोळा ओला राहतो, सकाळी चिपडांनी चिकटतो. घरातली मोठी माणसं काजळ सुचवतात, कुणी आईचं दूध घालायला सांगतं. दोन्ही नको. १९२३ मध्ये क्रिग्लर नावाच्या डॉक्टरने सांगितलेला उपाय आजही पहिला मानतात. स्वच्छ बोट डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी, पिशवीवर टेकवायचं आणि दाबत खाली सरकवायचं. आतल्या पाण्याचा दाब खालच्या पडद्यावर पडतो आणि पुष्कळदा तो त्यानेच फुटतो. डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्यावं, कारण नुसतं नाक चोळून उपयोग नाही. वर्षभरात दहातल्या नऊ बाळांची वाट मोकळी होते. उरलेल्यांमध्ये भूल देऊन बारीक सळई घालतात, त्याला प्रोबिंग म्हणतात. मात्र कोपऱ्याशी लाल, दुखरी सूज आणि ताप आला तर थांबायचं नाही. बाळ उजेडाकडे पाहायला तयार नसेल, बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसत असेल, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. तेव्हा मालिश करत बसू नये, त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठावा.

मोठ्या वयातली अडचण बहुतेकदा वरच्या टोकाला नसून त्याच मुख्य नळीत असते. चाळिशी उलटलेल्या बायकांमध्ये ती जास्त. त्यांच्या हाडातला कालवा तुलनेने अरुंद असतो, हे त्याचं एक कारण सांगतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरला की सकाळी गाडीवरून निघालेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांना पाणी येतं, ते वाऱ्यामुळे. ते नाकातूनही गळतं आणि घरात आलं की थांबतं. घरात बसूनही एकच डोळा वाहत असेल, कोपऱ्याशी फुगवटा असेल, तिथे दाबल्यावर पू उलट वर येत असेल, तर वाट अडली आहे. आणखी एक गंमत म्हणजे डोळा कोरडा पडला तरी तो चुरचुरून पाणी सोडतो. म्हणून वाहणारा प्रत्येक डोळा तुंबलेलाच असतो असं नाही.

नक्की कुठे अडलंय ते सिरिंजिंगने कळतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी नाशकातल्या पुष्कळांनी ते अनुभवलेलं असतं, कारण पिशवीत पू असताना डोळा उघडला तर जंतू आत जायची भीती असते. बधिर करणारा थेंब टाकतात, दार किंचित रुंद करतात, बोथट सुई आधी दोन मिलिमीटर सरळ उतरवतात, मग पापणी बाहेर ताणून ती नाकाकडे आडवी वळवतात. नलिकेचा काटकोन हाताला पाठ असावा लागतो. मग मिठाचं पाणी सोडतात आणि विचारतात, "घशात खारट लागलं का, मावशी?" मावशींनी आवंढा गिळून मान डोलावली तर वाट मोकळी. घशात काहीच आलं नाही आणि पाणी त्याच दारातून परत आलं, तर अडथळा नलिकेतच. खालून घातलेलं पाणी वरच्या दाराने बाहेर आलं, तर दोन्ही नलिका बऱ्या आहेत आणि अडथळा त्यांच्या संगमाशी किंवा त्यापुढे. त्यात पू मिसळलेला असेल, तर बहुधा पिशवीच्या खाली. पिचकारीभर पाण्यात सगळ्या रचनेचा पाढा वाचून होतो.

या रचनेचं वाचन फार जुनं आहे. पंचवटीतल्या गणेशवाडीच्या आयुर्वेद महाविद्यालयात शालाक्य, म्हणजे डोळे-नाक-कानांच्या रोगांची शाखा, शिकणारे विद्यार्थी सुश्रुतसंहितेचं उत्तरतंत्र वाचतात. त्यात डोळ्यांचे शहात्तर रोग सांगितले आहेत आणि त्यातले नऊ डोळ्याच्या सांध्यांचे. अश्रूंच्या मार्गाने दोष सांध्यात शिरतात आणि नाकाकडच्या कोपऱ्यातून न दुखणारा स्राव सुरू होतो, असं सुश्रुत म्हणतो. तिथेच सुजून, ठणकून पू येणारा पूयालस तो वेगळा मोजतो. दुखणारा आणि न दुखणारा हा भेद आजच्या दवाखान्यातही पहिल्याच प्रश्नात येतो. युरोपात अश्रू मेंदूतून झिरपतात असा समज बराच काळ होता. नील्स स्टेन्सेनने १६६२ मध्ये ग्रंथीपासून नाकापर्यंतचा मार्ग जोडून दाखवला. १७१३ मध्ये डोमिनिक आनेलने बारीक सळई आणि पिचकारी घेऊन तीच वाट आतून चाचपली. आजची सिरिंजिंगची सुई त्याच पिचकारीच्या घराण्यातली.

तुंबलेल्या वाटेवरचा खरा इलाज फ्लॉरेन्सच्या अद्देओ तोती यांनी १९०४ मध्ये सुचवला. त्या ऑपरेशनला आज डीसीआर म्हणतात. त्यात बंद पडलेली नळी उघडायच्या फंदात कुणी पडत नाही, ती सोडून देतात. पिशवी आणि नाक यांच्यामध्ये जे पातळ हाड आहे, तिथे खिडकी पाडतात आणि पिशवी नाकात थेट उघडतात. १९२१ मध्ये फ्रान्समध्ये पिशवीचं आणि नाकाचं अस्तर एकमेकांना शिवायची पद्धत आली, त्याने खिडकी बुजण्याचं प्रमाण घटलं. १९८९ नंतर दुर्बिणीने नाकातूनच हे करायची पद्धत रुळली, चेहऱ्यावर टाकाही दिसत नाही. जाणत्या हातांनी केलेल्या या ऑपरेशनला दहातल्या नऊ वेळा यश येतं. इतक्या सोप्या युक्तीला इतकं यश का, याचं उत्तर आता सांगायला नको. खालची नळी फक्त पाणी पुढे नेत होती. पाणी खेचून आणणारी पापणी आणि तिच्यातल्या नलिका जिथल्या तिथे असतात. त्यांना पुढे वाट मिळाली की झालं.

उलट बाजूही पाहायला हवी. अपघातात पापणीचा आतला कोपरा फाटला, विशिष्ट औषधांनी किंवा संसर्गाने नलिकाच आटल्या, तर नाकात कितीही मोठी खिडकी पाडा, पाणी तिथवर पोहोचतच नाही. नलिका पूर्ण गेल्या असतील तर डोळ्याच्या कोपऱ्यातून थेट नाकात काचेची बारीक नळी बसवतात. तिला जोन्स ट्यूब म्हणतात, अश्रुपंप मांडणाऱ्या त्याच लेस्टर जोन्सच्या नावाने. ती हलते, बाहेर येते, बुजते, सांभाळत राहावी लागते. नलिका फाटलेल्या जखमेत म्हणूनच लवकर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला सांगतात. पहिल्या एक-दोन दिवसांत तुटलेली टोकं जुळवून आत सिलिकॉनची नळी ठेवली, तर मूळ नलिका वाचू शकते.

चार सेंटिमीटरच्या या वाटेतला खालचा तीन-चतुर्थांश भाग शल्यविशारद नव्याने मांडू शकतात, आणि तो चांगला वठतो. वरचा एक सेंटिमीटर, तो काटकोन, तो लपेटलेला स्नायू आणि आधी टेकून मग सुटणारी ती दोन दारं, यांच्या तोडीचं अजून कुणाला करता आलेलं नाही. काचेची नळी पाणी जाऊ देते. पापणीसारखं ती ते खेचून घेत नाही.